हिरव्यात गेलेला काटा

संगणकाच्या पडद्यावर तबकड्या काढणं हे माझं काम. गाडीत वेगाची असते तशी अर्धगोल तबकडी, मधोमध खुंटी, खुंटीवर फिरणारा काटा आणि कडेनं लाल, पिवळा, हिरवा पट्टा. हे काही हातानं काढावं लागत नाही. त्यासाठी तयार कोडची लायब्ररी मिळते. तिला फक्त सांगायचं, की सुरुवात शून्यावर, शेवट शंभरावर, तिसाच्या आत लाल, साठाच्या पुढं हिरवं, काटा एवढा लांब आणि एवढा जाड. मग आकडा दिला की काटा झुलत जागेवर जातो आणि तिथं पोचल्यावर किंचित थरथरतो. थरथरण्याचीसुद्धा सोय करून ठेवलेली आहे. साहेब लोक त्या थरथरीवर फार खूश असतात. मला विचाराल तर तबकडीइतकी आळशी आकृती दुसरी नाही. पडद्याची एवढी जागा खाऊन सांगते एकच आकडा, तोही आजचा. काल काय होतं ते तिला विचारायची सोय नाही.

हे शहाणपण मला आत्ताचं आहे. तेव्हा मीही त्या थरथरीवर खूशच होते.

पुण्यातली नोकरी गेल्यावर मी उमरग्याला एका लहानशा धंदेवाल्याकडे कामाला लागले. हमरस्त्याला लागून टायरचं दुकान, त्याच्यावर आमची कामाची खोली. हैदराबादकडे जाणारा ट्रक खालून गेला की टेबलावरचा चहा हलायचा. मालक माणूस गोड बोलणारा, ड्रायव्हरांशी कानडीत आणि साहेबांशी छापील मराठीत. दवाखान्यांचे नंबर दाखवणारे पडदे, वजनकाट्यांच्या पावत्या अशी किरकोळ कामं तो धरायचा. त्यात त्याला एका तालुक्याचं पाण्याचं काम मिळालं. गावोगावच्या विहिरींत आणि टाक्यांत किती पाणी आहे ते रोज पडद्यावर दिसलं पाहिजे, म्हणजे आठवड्याच्या बैठकीत टँकर कुणाला द्यायचा ते तालुक्याच्या साहेबांना ठरवता येईल.

मी आधी रेघेचा आलेख करून नेला होता. महिन्याभराचं पाणी एका रेघेत, चढतंय का उतरतंय ते सरळ दिसेल असा. साहेबांनी तो बघितला न बघितला आणि म्हणाले, रेघा वाचत बसायला वेळ कुणाला आहे, गाडी चालवताना कसं एक नजर टाकली की कळतं, तसं पाहिजे. परतीच्या वाटेवर मालक मला समजावत होते, की साहेबांना काटा आवडत असेल तर आपण काटा द्यायचा. मी चाळीस गावांच्या चाळीस तबकड्या केल्या.

त्या चाळिसांत आमचंही गाव होतं. जळकोटच्या पुढं, हमरस्ता सोडून आत. आई तिथं राहते, आणि भिंतीला भिंत लागून चुलते राहतात. आठवडाभर मी उमरग्यात भाड्याच्या खोलीत राहायची आणि शनिवारी संध्याकाळी गावी जायची. गावाला पाणी सोडण्याचं काम काकांकडे होतं. नळाचे वॉल उघडायचा लांब पाना त्यांच्या खांद्यावर असायचाच. आज कुठल्या गल्लीला पाणी, किती वेळ, हे त्यांच्या शब्दावर चालायचं, आणि ह्या माणसानं स्वतःच्या गल्लीला कधी पाच मिनिटं जास्त पाणी सोडलेलं नाही. ह्याबद्दल काकू त्यांना आयुष्यभर टोमणे मारत आली.

बाकीच्या गावांत टाकीला यंत्र बसवलेलं होतं, नाहीतर विहिरीच्या आतल्या अंगाला तळापासून फुटांच्या खुणा रंगवलेल्या होत्या. आमच्या विहिरीला दोन्ही नाही. काका रोज पहाटे दोर घेऊन जात. दोराच्या टोकाला दगड आणि प्रत्येक हातावर एक गाठ. दोर सोडत जायचा, दगड पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या. विहीर चाळीस हात खोल. त्यांना मोबाईलवर आकडा भरता येत नव्हता, म्हणून ते मला फोन करत आणि मी भरत असे. नियमानं ते ग्रामसेवकाचं काम होतं, पण मीच हौसेनं अंगावर घेतलं. फोनवर ते एवढंच म्हणत, "पोरी, आज एकवीस." मग जेवलीस का, उन्हाचं हिंडू नको, आणि फोन बंद.

गावच्या तबकडीचं मी खास कौतुक केलं होतं. सगळ्या तबकड्यांखाली फूट किंवा टक्के लिहिलेलं, आमच्या एकट्या तबकडीखाली मी 'हात' असं लिहिलं. सुरुवात शून्य, शेवट चाळीस, बाराच्या आत लाल, सव्वीसच्या पुढं हिरवं. गावाची पोर आहे म्हणून गावचं माप पडद्यावर आलं, नाहीतर ह्या लोकांना हात काय कळणार, असं मला वाटायचं. केवढी ऐट होती मला त्याची.

आता चूक कुठं झाली ते सांगते. आमच्याकडे विहिरीचं पाणी वरून सांगतात. पाणी दहा हातांवर आहे म्हणजे दहा हात दोर सोडल्यावर लागतं. आकडा वाढला की पाणी खाली गेलं. शेंबड्या पोरालासुद्धा हे माहीत असतं. मला तर असायलाच हवं होतं, कारण लहानपणी काकांच्या मागं मागं जाऊन मी त्या गाठी मोजलेल्या होत्या. पण कोड लिहायला बसलेल्या माणसाला पाणी दिसत नाही, त्याला आकडा दिसतो. आकडा मोठा तर पाणी जास्त, असं धरून मी मोकळी झाले. आम्ही काम सुरू केलं तेव्हा शिवरात्र जवळ आली होती आणि पाणी विहिरीच्या निम्म्यावर होतं. काटा सरळ वर, पिवळ्यात उभा. वरून मोजा नाहीतर खालून, विसाचे वीसच. त्यामुळं कुणाला काही खटकलं नाही.

पुढं पाणी उतरत गेलं आणि काटा चढत गेला.

रविवारी आई सांगायची, आता सहा दिवसांनी येतंय पाणी. पुढच्या खेपेला आठ दिवसांवर गेलं. मी तिचे हंडे भरू लागायची, चुलत्यांशी चार गोष्टी बोलायची, आणि सोमवारी कामाच्या खोलीवर जाऊन त्याच गावचा काटा हिरव्याकडे सरकलेला बघायची. बघायची म्हणजे काय, काट्याचं टोक पट्ट्याला नीट टेकतंय का, आकड्याचा ठसा मोबाईलवर फार मोठा तर दिसत नाही ना, एवढंच. डोक्याच्या एका खणात आईचे रिकामे हंडे आणि दुसऱ्या खणात हिरवा पट्टा. दोन्ही खण एकदम उघडायचं माझ्या काही मनात आलं नाही.

एप्रिलातल्या एका मंगळवारी तालुक्याची बैठक होती. पडदा चालवायला मी होते, मालक दाराशी उभे होते. आमच्या सरपंचाची पाळी आली. आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, टँकर पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. साहेबांनी मान हलवून मला खूण केली. मी गावाचं नाव दाबलं. काटा लालातून निघाला, पिवळा ओलांडला, थेट हिरव्यात गेला आणि तिथं थरथरत थांबला. खाली आकडा आला, चौतीस हात.

खोलीत हशा पिकला. साहेब म्हणाले, तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी वाढतंय की, कुठला देव पावला. आणि मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "एवढं पाणी आहे आणि नळाला येत नाही, तर जातं कुठं?"

मला त्या क्षणी कळलं. सकाळीच फोनवर काका म्हणाले होते, आज चौतीस. चौतीस हात दोर सोडला तेव्हा दगड पाण्याला टेकला, एवढाच त्याचा अर्थ. चाळीस हातांच्या विहिरीत सहा हात पाणी उरलं होतं. तोवर सरपंच बोलायला लागले होते. चारचौघांत हसं झालेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. खापर फोडायला त्यांना डोकं हवं होतं. ते म्हणाले, "वॉलचा पाना एकाच माणसाच्या हातात हाय साहेब. बघतो त्याच्याकडं."

साहेब, तबकडी उलटी आहे, चूक माझी आहे. एवढी दोनच वाक्यं बोलायची होती. मी बोलले नाही. पंचवीस पुरुष, पंख्याची घरघर, दाराशी मालक, आणि सबंध जिल्ह्याचं काम आपल्यालाच मिळणार म्हणून त्यांनी सकाळपासून तीनदा ऐकवलेलं. हातातली एक नोकरी गेलेली होती आणि ही दुसरी. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही पुरेसं नाही. मी पुढच्या गावाचं नाव दाबलं.

चहाच्या वेळी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं होतं ते भडकतील. ते उलट हळू आवाजात म्हणाले, "आज दुपारी दुरुस्त करून टाका. सांगत बसू नका. एक काटा खोटा निघाला की चाळीस खोटे ठरतात." मला हलकं वाटलं. चुलत्यावर आळ यायला लागलेला मी डोळ्यांनी बघितला होता, आणि तरी मला हलकं वाटलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. चाळिसातून आकडा वजा करायचा. बुधवारी सकाळी पडदा उघडला तेव्हा आमच्या गावचा काटा लालाच्या तळाशी जाऊन बसला होता. मी मनात म्हटलं, सुटले. आता टँकर मिळेल, गावाचं काम होईल, आणि बैठकीतली गोष्ट लोक विसरून जातील.

टँकर मिळाला. पण सरपंचांनी बैठकीत मोबाईलवर पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, हिरव्यात गेलेल्या काट्याचा. बुधवारी ग्रामसेवकानं लाल काट्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मंगळवारी हिरवा, बुधवारी लाल. एका दिवसात विहीर रिकामी झाली. आता एका दिवसात एवढं पाणी उपसायचं म्हटलं तर गावातल्या सगळ्या मोटारी लावूनही भागलं नसतं, हे त्या शेतकऱ्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण खालचा आकडा कुणी वाचत बसलं नाही, हिरव्यातला काटा मात्र डोळ्यांनी बघितलेला होता. काकांनी इतके दिवस पाणी विकलं, बैठकीत बोंब झाली तेव्हा विहीर कोरडीच होती असं दिसावं म्हणून उरलेलंही रातोरात सोडून दिलं, असा हिशेब लागला आणि सगळ्यांना पटला. माझ्या पहिल्या चुकीनं काकांवर संशय आला होता. माझ्या दुरुस्तीनं तो सिद्ध केला.

त्याच आठवड्यात पारावर बैठक बसली. काका शाळेची वही घेऊन गेले होते. वहीत रोजची तारीख आणि रोजचा आकडा. म्या पुतणीला रोज सांगत आलोय, तिला इचारा, असं म्हणून त्यांनी तिथूनच मला फोन लावला. मी उमरग्याच्या खोलीत होते. टेबलावर फोन वाजत होता आणि पडद्यावर 'काका' असं दिसत होतं. गावात काय चाललंय ते आईनं मला तासाभरापूर्वीच कळवलं होतं. मी फोन उचलला नाही. वाजून वाजून तो थांबला. आईनं नंतर सांगितलं, पुतणीसुद्धा उचलंना म्हणून लोक हसले आणि काकांनी पाना खांद्यावरून काढून पारावर ठेवला.

रविवारी ते आमच्या अंगणात आले. रागावलेले नव्हते. मी कामात असेन असंच त्यांनी धरलं होतं. चूक माझी आहे ही शंकाही त्यांना आलेली नव्हती. यंत्रात कायतरी झालं आसंल, असं ते म्हणत होते. "म्या रोज तुला काय आकडा सांगितला, येवढंच गावात येऊन सांग. जास्तीचं काय बोलू नको, तुज्या कामाला धक्का लागंल." मी म्हटलं, सांगते. त्यांनी मान हलवली आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून घरी गेले.

असे तीन रविवार गेले. दर रविवारी ते यायचे, पाणी प्यायचे आणि विचारायचे नाहीत. काकूनं आमच्याकडे येणं सोडलं. गल्लीतल्या बायका टँकरच्या रांगेत तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या. आणि मी दर सोमवारी जळकोटच्या फाट्यावर जीपमध्ये बसून उमरग्याला येत होते आणि तबकड्यांचे रंग ठीक करत होते.

मग मालक मला दुसऱ्या एका तालुक्याला घेऊन गेले, आमचा पडदा तिथल्या साहेबांना दाखवायला. मी गावांची नावं दाबत होते आणि ते बोलत होते. आमच्या गावाशी आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, ह्या गावात पाण्याची चोरी चालत होती, वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, आमच्या काट्यानं ती एका दिवसात पकडली. साहेब वा म्हणाले. मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो माणूस माझा चुलता आहे हे त्यांना माहीत होतं, कारण मीच सांगितलं होतं.

त्या रविवारी मी पारावर गेले. आईला सांगितलं नाही, काकांनाही नाही. सरपंच आणि सात-आठ जण बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पाणी वरून मोजतात, मी खालून धरलं, बैठकीतच मला ते कळलं, भीतीनं गप्प बसले आणि मग गुपचूप फिरवून टाकलं. लॅपटॉप उघडून रोजचे आकडे दाखवले. एकवीस, चोवीस, अठ्ठावीस, चौतीस. काकांच्या वहीतही हेच आहेत, मिळवून बघा म्हटलं. नोकरी जाणार हे धरूनच गेले होते, त्यामुळं भीती उरली नव्हती आणि आवाजही चांगला मोठा लागला होता.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, कंपुटर तुजा, आकडं तूच भरतीस, तू म्हणशील ते दाखवील त्यो. दुसरा म्हणाला, वही त्यानंच लिवलेली. सरपंच मात्र मायेनं बोलले. तेच मला जास्त झोंबलं. ते म्हणाले, "चुलत्यासाठी पोरीनं चूक आपल्या अंगावर घेतली. आजकाल कोण करतंय एवढं? जा बाई, उन्हाची उभी राहू नको." आणि खरंच कुणीतरी मला पाण्याचा तांब्या दिला.

ही गोष्ट दोन दिवसांत मालकांच्या कानावर गेली. ते हसले आणि म्हणाले, घरच्या माणसासाठी जीव तुटतोच, मी समजू शकतो. कुणी विश्वासच ठेवला नव्हता, तर मला काढायचं कशाला? जी नोकरी वाचवायला मी गप्प बसले ती खरं बोलूनही गेली नाही. जिल्ह्याचं काम आम्हाला मिळालं.

काकांकडे जायला मला आणखी एक आठवडा लागला. मी पारावर काय बोलले ते सगळं त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं. ओसरीवर बसून ते पेरणीचं सोयाबीन तपासत होते. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवतात ते बघायचं. काकू आत होती, बाहेर आली नाही. मी पायरीवर बसले. त्यांनी आणखी चार दाणे ओळीत ठेवले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बैठकीतच कळलं व्हतं तुला?"

मी हो म्हटलं.

"तवाच बोलायचं व्हतंस, पोरी," ते म्हणाले. "तवा साहेबाफुडं तू कंपुटरवाली बाई व्हतीस. तुजा शब्द चालला आसता. आता तू निस्ती माजी पुतणी हायस."

आवाजात राग नव्हता. कोण कुठल्या गल्लीत राहतं हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मला रडायला येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचा हक्क मी गमावलेला होता, म्हणून पोत्यावरच्या दाण्यांकडे बघत राहिले. दहा-दहाच्या ओळी सरळ लावलेल्या होत्या. एवढं बोलूनही त्यांची मोजणी चुकली नव्हती. त्यांनी पुढचा दाणा उचलला, बहात्तर म्हटलं, आणि ओळीत ठेवला.